जुनी स्विफ्ट घेताना: रोजच्या वापराची गाडी टप्प्याटप्प्याने कशी पारखावी

रोज कोथरूडहून हिंजवडीला जायचं, संध्याकाळी परत यायचं. जाऊन-येऊन तीस-पस्तीस किलोमीटर. महिन्यातून एकदा गावी, पावसाळ्यात एखाददुसरा ताम्हिणी किंवा वरंधा. एवढ्या वापरासाठी नवी गाडी घेऊन सात वर्षं हप्ते भरत बसण्यापेक्षा नीट सांभाळलेली जुनी छोटी गाडी घेणं शहाणपणाचं, असं माझं ठाम मत आहे. पण गाडी बघायची कशी, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली. नातेवाईक, मित्र, ऑफिसातली मंडळी यांच्यासोबत गाड्या बघता बघता एक गोष्ट पक्की झाली: काय तपासायचं याइतकंच कोणत्या क्रमाने तपासायचं हेही महत्त्वाचं असतं. आधी कागद, मग थंड गाडी, मग फेरी (टेस्ट ड्राइव्ह), मग गॅरेजचा रॅम्प आणि सगळ्यात शेवटी पैसे. बहुतेक लोक उलट जातात. आधी रंग आवडतो, फेरी मारली की मन बसतं, इसार दिला जातो आणि कागदातली गोम नंतर कळते. तोवर नाही म्हणायची हिंमत राहिलेली नसते.

उदाहरणासाठी एकच गाडी धरतो: २०१८ ते २०२० मधली पेट्रोल स्विफ्ट. ही तिसऱ्या पिढीची स्विफ्ट फेब्रुवारी २०१८ मध्ये आली. बाजारात ती भरपूर मिळते, १.२ लिटरचं के-सिरीज इंजिन गल्लीतल्या मेकॅनिकलाही पाठ असतं आणि सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. सगळ्या मॉडेलांना पुढच्या दोन एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) पहिल्यापासून आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं. त्याआधीच्या छोट्या गाड्यांच्या स्वस्त मॉडेलांत बहुधा दोन्ही नसायचं. पण एक बाजू लपवून चालणार नाही. गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०१८ च्या चाचणीत या गाडीला प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी पाचपैकी दोनच तारे मिळाले होते. सांगाडा मुळातच फार मजबूत नसेल, तर अपघातात वाकून सरळ केलेली गाडी घेणं म्हणजे जिवाशी खेळ. खाली अपघाताच्या खुणांवर मी इतका वेळ घेतला आहे तो त्यामुळेच. पद्धत मात्र वॅगनआर, ग्रँड आय-टेन, टियागो, सगळ्यांना तीच.

डिझेल घ्यायचं का? रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर जात असाल तर विचार करा. शहरातल्या ट्रॅफिकसाठी नको. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू होताना डिझेल इंजिनं बंदच केली, आणि जुन्या डिझेलचा टर्बो किंवा इंजेक्टर एकदा बिघडला की इंधनात वाचवलेले पैसे एका बिलात जातात.

घरबसल्या: नंबर मागा, कागद वाचा

गाडी बघायला निघण्याआधी विकणाऱ्याकडून गाडीचा नंबर, आरसीचा (नोंदणी प्रमाणपत्राचा) फोटो आणि चालू विमा पॉलिसीचा फोटो मागवा. जो हे द्यायला कां-कूं करतो, त्याच्या दारात जाऊ नका. माझ्या अनुभवात खऱ्या मालकाला त्यात काही अडचण वाटत नाही.

नंबर सरकारच्या एमपरिवहन ॲपवर टाका. मालकाचा क्रमांक कितवा, नोंदणीची तारीख, इंधन, विमा आणि पीयूसीची मुदत, बँकेच्या कर्जाचा बोजा, हे सगळं तिथे दिसतं. ‘फर्स्ट ओनर आहे साहेब’ म्हणून सांगितलेल्या गाडीच्या नोंदीत मालक क्रमांक तीन दिसला, तर पुढचं बोलणं तिथेच थांबवायचं. ई-चलान वेगळं तपासा. सिग्नल तोडल्याची, वेगमर्यादा ओलांडल्याची दहा-पंधरा चलानं थकलेली असतील तर दंड कोण भरणार हा प्रश्न आहेच, पण गाडी कशी चालवली गेली तेही त्यातून कळतं.

आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. डिसेंबर २०१८ मध्ये बनलेली आणि मार्च २०१९ मध्ये पासिंग (नोंदणी) झालेली गाडी विकणारा ‘२०१९ ची’ म्हणून सांगतो. भाव २०१८ च्या हिशेबानेच बोला.

आता विम्याचा कागद. यातली एक ओळ फार थोडे लोक वाचतात: नो क्लेम बोनस. पहिल्या वर्षी क्लेम घेतला नाही तर नूतनीकरणाला वीस टक्के, मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस आणि शेवटी पन्नास, अशी ही सवलत चढत जाते. एकाच मालकाकडे सहा-सात वर्षं असलेल्या गाडीच्या पॉलिसीवर पन्नास टक्के बोनस असेल, तर निदान गेली पाच वर्षं तिच्या दुरुस्तीसाठी बहुधा क्लेम घेतलेला नाही. आणि शून्य असेल तर गेल्या वर्षी क्लेम झाला, किंवा मध्ये विमा बंद पडला. दोन्हीतलं काय, ते विचारायचं. उत्तर देताना समोरचा अडखळतो का, तेही बघायचं.

सगळ्यात महत्त्वाचा कागद मात्र सर्व्हिसचा इतिहास. २०२१ मध्ये माझ्या आत्येभावाने शहरातल्या एका डीलरकडून पांढरी स्विफ्ट घेतली. मीटरवर एकेचाळीस हजार किलोमीटर. सहा महिन्यांनी ती पहिल्यांदा अधिकृत वर्कशॉपमध्ये नेली, तेव्हा तिथल्या नोंदीत तीच गाडी त्याआधीच ब्याण्णव हजार पळालेली निघाली. आत्येभावाने दोन वर्षांची बचत त्यात घातली होती. त्याचा तेव्हाचा चेहरा मला अजून आठवतो. वर्कशॉपला एक फोन आधी केला असता तर हे टळलं असतं.

म्हणून मालकाला सांगा, वर्कशॉपमधली संपूर्ण नोंद काढून पाठवा. ती वाचताना तारखा आणि किलोमीटर शेजारी शेजारी लिहा. या गाडीची सर्व्हिस दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा. आकडे दरवर्षी साधारण सारख्या टप्प्याने वाढले पाहिजेत. मध्येच दोन वर्षांची पोकळी असेल तर त्या काळात बाहेर कुठे काम केलं, बिलं आहेत का, ते विचारा. बॉडीशॉपची मोठी नोंद दिसली तर नेमकं काय बदललं त्याची यादी मागा.

नोंदीतल्या तारखा पुरासाठीही वाचा. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली, त्याच सप्टेंबरच्या २५ तारखेच्या रात्री पुण्यात आंबिल ओढा, जुलै २०२१ मध्ये चिपळूण, जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याची एकतानगरी. या पुरांत उभ्या गाड्या पाण्यात गेल्या. नंबर एमएच-१२ असला म्हणून गाडी पुण्यातच होती असं नाही, आणि एमएच-०९ असली म्हणून ती बुडालीच असंही नाही. या तारखांच्या पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत सीट, कार्पेट, वायरिंगची मोठी कामं दिसली की मात्र गाडी सोडून द्या. पाण्यात गेलेल्या गाडीची इलेक्ट्रिकल दुखणी वर्ष-दोन वर्षांनीही डोकं वर काढतात आणि ती कुणालाच धड सापडत नाहीत.

परराज्याच्या नंबरची गाडी स्वस्त दिसते. दिल्लीकडे जुन्या गाड्यांवर निर्बंध आले तशा तिथल्या गाड्या आपल्याकडेही विकायला येऊ लागल्या. तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र), इथे पुन्हा रोड टॅक्स आणि नवा नंबर हे सगळं धरलं की स्वस्ताई उरत नाही. पहिलीच जुनी गाडी घेत असाल तर या वाटेला जाऊ नका.

पहिली भेट: थंड गाडी, दिवसाउजेडी

फोनवरच सांगून ठेवा: ‘आम्ही यायच्या आधी गाडी सुरू करू नका.’ पोहोचल्या पोहोचल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर कारण विचारा. गरम इंजिन आपले बरेच आजार झाकतं. पावसात, संध्याकाळी, ट्यूबलाइटखाली गाडी बघू नका. ओल्या पत्र्यावर रंगातला फरक दिसत नाही.

आधी बाहेरून एक चक्कर, पत्र्याला डोळा समांतर ठेवून. दरवाजे, बॉनेट आणि फेंडर यांच्यामधल्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का? एक फट बोटाएवढी आणि दुसरी नखाएवढी असेल तर तिथला भाग उघडला गेला आहे. पुण्या-मुंबईत सात वर्षं फिरलेल्या गाडीच्या बंपरला, दरवाजाला पेंट लागलेला असणारच. त्याने मी गाडी नाकारत नाही. छत, खांब आणि बॉनेटखालचा सांगाडा, या तीन ठिकाणी काम झालेलं दिसलं तर नाकारतो, कितीही स्वस्त मिळाली तरी.

ते ओळखायचं असं. बॉनेट उघडा आणि फेंडरचे बोल्ट बघा. पाना लागलेल्या बोल्टच्या कडांवरचा रंग उडालेला असतो. दिव्यांच्या मागचा आडवा पत्रा आणि दोन्ही बाजूंचे एप्रन (इंजिनच्या बाजूचे आतले पत्रे) बघा. कारखान्यातलं सीलंट सरळ, एकसारख्या रेघेत असतं. हाताने लावलेलं जाडं-बारीक असतं. मग दरवाजे उघडून चौकटीचं रबर बीडिंग थोडं ओढा. खाली कारखान्याच्या स्पॉट वेल्डिंगचे गोल ठसे ठरावीक अंतरावर दिसले पाहिजेत. तिथे घासलेला किंवा नव्याने रंगवलेला पत्रा दिसला तर तो खांब ठोकलेला आहे. डिकीत स्टेपनी बाहेर काढून खालचा खड्डा बघा. मागून जोरात धडक बसलेल्या गाडीचा तिथला पत्रा चुरगळलेला असतो आणि झाकायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

छोटं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे पकड सुटते तिथे खाली पुट्टी आहे. (बंपर प्लास्टिकचे, तिथे चुंबक चिकटणारच नाही.) पेंटची जाडी मोजायचं मीटर कुणाकडे मिळालं तर उत्तम: मूळ रंग साधारण शंभर-दीडशे मायक्रॉनचा असतो, पुट्टीवर आकडा कित्येक पटींनी उडी मारतो.

काचांच्या कोपऱ्यातले शिक्के एकाच कंपनीचे आणि एकाच काळातले असावेत. पुढची काच दगडाने फुटून बदललेली असू शकते, ते समजण्यासारखं आहे. बाजूची एकच काच वेगळी असेल तर तो दरवाजा बारकाईने बघा. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. त्याच्या मुळाशी वाळलेल्या चिखलाची रेघ दिसली तर ती पुराची खूण. तिथल्या लेबलवर बेल्ट बनल्याची तारीखही असते. गाडी २०१८ ची आणि बेल्ट २०२२ चा असेल तर मध्ये मोठा अपघात झाला असण्याची दाट शक्यता आहे. सीटखालच्या रुळांवरचा गंज, कार्पेटखालचा दमट वास, दिव्याच्या आत साचलेलं पाणी, हेही बघा. कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ राहिलेल्या गाडीचा खालचा पत्रा खाऱ्या हवेने खाल्लेला असतो, तो नंतर रॅम्पवर दिसेल.

मीटर खरं आहे का, याची साक्ष आतल्या वस्तू देतात. चाळीस हजार पळालेल्या गाडीच्या क्लच पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं नसतं. स्टिअरिंगची चकाकी, गिअरच्या मुठीवरचे पुसलेले आकडे आणि ड्रायव्हर सीटची दबलेली बाहेरची कड, या तिन्ही गोष्टी मिळून काय सांगतात ते बघा. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनंतर ओळीच्या शेवटी चार आकडे असतात: ३२२१ म्हणजे २०२१ सालचा बत्तिसावा आठवडा. तीस हजार पळालेली म्हणतात आणि चारही टायर दुसऱ्यांदा बदललेले, हे गणित जुळत नाही.

आता इंजिन. थंड असतानाच ऑइलचं झाकण उघडून आतून बघा. ताकासारखा पांढरट थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी जात असण्याची शक्यता आहे. डिपस्टिकवर ऑइल दोन खुणांच्या मधे असावं. कूलंट गंजकट तपकिरी नको. गाडी गरम असताना कूलंटचं झाकण मात्र कधीही उघडू नका, तोंड भाजेल.

चावी फिरवताना डॅशबोर्डकडे बघा. इंजिन, एबीएस, एअरबॅग, ऑइल, सगळे दिवे आधी लागले पाहिजेत आणि मग विझले पाहिजेत. न विझणारा दिवा सगळ्यांना कळतो, पण मुळात न लागणारा दिवा जास्त धोक्याचा. अपघातात फुटलेली एअरबॅग न बदलता तिचा दिवा बंद करून ठेवणारे लोक आहेत. स्टिअरिंगच्या मधलं झाकण आणि डाव्या बाजूचा डॅशबोर्डही जवळून बघा: जोड उचकलेला किंवा रंगाची छटा वेगळी असेल तर विचारा.

इंजिन सुरू होताना या के-सिरीजमध्ये क्षणभर खडखड आली तर चालेल, टायमिंग चेनला ऑइल पोहोचायला तेवढा वेळ लागतो. खडखड सुरूच राहिली तर चेनचं काम निघेल. दुसऱ्या माणसाला सायलेन्सरमागे उभं करा. थंड सकाळी थोडी वाफ साहजिक आहे, पण निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. एसी लावून दहा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवा. आयडलिंग (उभ्या गाडीतलं इंजिनचं फिरणं) ढासळतं का, तापमानाचा काटा चढतो का, पंखा सुरू होतो का, हे बघा. या वेळात काचा, वायपर, मागचा डिफॉगर, सेंट्रल लॉक आणि दुसरी चावी तपासून होते. दुसरी चावी नसेल तर इमोबिलायझरची (चोरी रोखणाऱ्या चिपची) नवी चावी बनवायला चांगले पैसे जातात, ते भावातून वजा करा.

फेरी: चाळीस मिनिटं, तुमच्या रस्त्यावर

सोसायटीभोवती एक चक्कर म्हणजे फेरी नव्हे. ट्रॅफिक, चढ, खड्डे आणि मोकळा पट्टा असा रस्ता निवडा. पुण्यात मी चांदणी चौकाचा चढ आणि बायपास धरतो. रेडिओ बंद, काचा आधी उघड्या, मग बंद.

क्लच: चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आवाज आणि आरपीएम वाढतात पण गाडी पळत नाही, म्हणजे क्लच प्लेट घसरतेय. हाफ क्लचवर चढ चढायची सवय असलेल्या मालकाची गाडी इथेच पकडली जाते. दुसरा गिअर थंडीत खरखरत पडतो का, रिव्हर्स एका प्रयत्नात लागतो का, तेही बघा. एजीएस म्हणजे आपोआप गिअर बदलणारी गाडी असेल तर चढावर थांबून पुन्हा निघा. धक्के देत किंवा मागे घरंगळत निघत असेल तर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खड्ड्यांतून पंधराच्या वेगाने जा. टकटक ऐकू आली तर चाकांच्या सांध्यातला लिंक रॉड किंवा लोअर आर्मची बुश, ती स्वस्तात होते. ठोका दणकट असेल तर शॉकअप. मोकळ्या, सपाट रस्त्यावर स्टिअरिंग हलकं धरा, गाडी एकीकडे ओढते का बघा. मागे कुणी नाही याची खात्री करून साठच्या वेगावरून ब्रेक दाबा. स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकड्या आहेत. फेरीनंतर गाडी पाच मिनिटं बंद ठेवून पुन्हा सुरू करा आणि उभ्या जागेखाली थेंब पडलेत का, वाकून पाहा. एसीचं पाणी पडणारच. काळा किंवा चिकट थेंब असेल तर त्याचा उगम शोधा.

रॅम्पवर, तुमच्या मेकॅनिककडे

इथे पैसे वाचवू नका. विकणाऱ्याच्या ओळखीचं गॅरेज नको, तुमच्या विश्वासाचा माणूस हवा, आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या. फुकट बघायला सांगितलं की तोही पाच मिनिटांत ‘ठीक आहे’ म्हणतो. गाडी वर उचलली की गिअरबॉक्स आणि इंजिनच्या जोडावरची ऑइलची ओल, चाकांमागचे फाटलेले सीव्ही बूट (सांध्यावरची रबरी आवरणं), खालच्या पत्र्यावरचे ठोके, वेल्डिंग आणि गंज दिसतो. स्कॅनर लावून नुसते चालू कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाड) बघू नका. सकाळीच कोड पुसले असतील तर स्कॅनरवर तपासण्या ‘अपूर्ण’ दिसतात. मी अशी एक गाडी बघितली होती, आणि मालकाला त्याबद्दल विचारताच तो व्यवहारच नको म्हणाला.

गाडीला सीएनजी असेल तर किट कंपनीचं की बाहेरचं, आरसीवर इंधन पेट्रोल/सीएनजी असं नोंदलंय का आणि टाकीची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट झालीय का, तिन्ही बघा. नोंद नसलेलं किट असेल तर अपघाताच्या वेळी विमा कंपनी हात वर करू शकते.

भाव आणि कागद

मेकॅनिकने काढलेली यादी कागदावर मांडा: टायर, बॅटरी, क्लच, बुश. १८५/६५ आर१५ मापाचा बरा टायर पाचेक हजारांना पडतो, म्हणजे चार टायरांचे वीस हजार. ही रक्कम दाखवूनच घासाघीस करा. पॉलिसीवरची आयडीव्ही (विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत) हा एक अंदाज, तो अंतिम भाव नव्हे. इसार देताना पावतीवर गाडीचा नंबर, ठरलेली रक्कम आणि ‘कर्जाचा बोजा निघाल्यावर उरलेली रक्कम’ अशी अट लिहून घ्या. पैसे बँकेतूनच द्या.

गाडी नावावर करण्यासाठी विकणाऱ्याच्या सहीचा फॉर्म २९ दोन प्रतींत, फॉर्म ३० आणि कर्ज असेल तर बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ व बँकेची एनओसी घ्या. चेसिस नंबर आरसीशी स्वतः पडताळा. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबरपाटी) बसवून घ्यायला सांगा. गाडी ताब्यात घेताना तारीख आणि वेळ लिहिलेली डिलिव्हरी नोट दोघांनी सही करून ठेवा, आणि जुन्या मालकाला त्याचा फास्टॅग बंद करायला लावा. आरसीवर नाव बदलेपर्यंत त्यालाही घोर असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीत ज्याचं नाव आहे त्याच्यावर येते. त्यामुळे ‘नंतर करू ट्रान्सफर’ म्हणणाऱ्याला हे सांगितलं की तो स्वतःच घाई करतो.

विमा चौदा दिवसांच्या आत तुमच्या नावावर करायला अर्ज द्या, नाहीतर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकेल. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचाच राहतो, तेवढा फरक तुम्हाला भरावा लागेल.

गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलून घ्या, नोंदी काहीही सांगत असोत. बदलल्याची तारीख आणि किलोमीटर एका वहीत लिहा, आणि एमपरिवहनवर तुमचं नाव दिसेपर्यंत दर आठवड्याला नंबर टाकून बघत राहा.